देवाचा पलंग, पाखराची झोप



आषाढी जवळ आली की पंढरपुराहून एक बातमी येते: 'देवाचा पलंग काढला.' तुम्ही वारकरी असाल तर या तीन शब्दांचा अर्थ सांगायला नको. नसाल तर सांगतो. एरवी विठुरायाची रोज रात्री शेजारती होते, शेजघरातल्या पलंगावर देव निजतो आणि पहाटे काकड्याला उठतो. यात्रेच्या दिवसांत लाखो लेकरे भेटीला येतात, म्हणून तो पलंगच काढून ठेवतात. देवाच्या पाठीशी लोड लावतात आणि मंदिर चोवीस तास उघडे राहते. नवल असे, की पंचांगात ही शयनी एकादशी. सगळ्या जगाचा देव या दिवशी झोपी जातो आणि पंढरीचा देव नेमका याच दिवसांत डोळ्याला डोळा लागू देत नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शीण जावा म्हणून त्याला काढा देतात आणि मग कुठे पलंग परत येतो.

मी पुष्कळ वर्षे वारी केली. रांगेत रात्र-रात्र उभा राहिलो. पाय सुजले, झोपेने डोळे मिटू लागले, तेव्हा मनात म्हणायचो, 'देवा, बघ, तुझ्यासाठी आम्ही कसे जागतो आहोत.' पण देवही माझ्यासाठी जागा आहे, माझे दर्शन म्हणजे त्याची मोडलेली झोप आहे, हे कधी मनात आले नव्हते. ते आले ते चंद्रभागेच्या काठी नव्हे. दूर आल्प्सच्या डोंगरात, बर्फात, एका पाखरापुढे आले. ती हकिगत सांगतो, आणि तिच्यातून मला पडलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

माझी लेक नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला असते. गेल्या हिवाळ्यात तिने मला बोलावून घेतले. एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढी पायी वारी करता, तर चला, बर्फात चालू. वाटाड्या बरोबर असतो, रानातले प्राणी दाखवतो." देशाच्या पूर्वेला एंगादीन नावाचे लांबलचक खोरे आहे. तिथल्या झेरनेझ गावी आम्ही उतरलो. त्या भागातली मूळ माणसे रोमान्श बोलतात. वाटेत कुणी भेटले की 'अल्लेग्रा' म्हणतात. आपण 'रामकृष्णहरी' म्हणतो तसे, ओळख नसली तरी म्हणायचे. मला आपले वाटले.

या गावाला लागून त्या देशाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९१४ साली स्थापन झालेले. मी लेकीला म्हटले, "मग उद्यानातच जाऊ ना." ती म्हणाली, "हिवाळ्यात ते बंद असतं." मला वाटले, बर्फ फार, दरडीसारखे हिमकडे कोसळतात, माणसांच्या जिवाला धोका, म्हणून बंद. तोही भाग आहेच. पण आमची वाटाडी बाई म्हणाली, "प्राण्यांना शांतता हवी म्हणून बंद. हिवाळाभर तिथं कुणी जायचं नाही." मला एकदम आपल्याकडचा चातुर्मास आठवला. संन्याशाने पावसाळ्यात गावोगाव फिरू नये, एका जागी राहावे, असा जुना नियम. का? तर त्या दिवसांत जमिनीवर जिकडे तिकडे नवे जीव उपजलेले असतात, ते पायाखाली चिरडू नयेत. आपल्याकडे पावसात, त्यांच्याकडे बर्फात. पाय आवरण्याचा नियम एकच.

आम्ही उद्यानाबाहेरच्या डोंगरावर गेलो. भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून बुटाखाली एक रुंद, लांबट पट्टी बांधतात, तिला स्नोशू म्हणतात. वजन मोठ्या जागेवर पसरते आणि पाय वरच्या वर राहतो. खाली लोखंडी दात असतात, ते चढाला धरून ठेवतात. पहिली दहा मिनिटे मी माझ्याच पायांवर पाय देत होतो. मग खडावा घातल्यासारखे पाय जरा फाकून टाकायचे, हे जमले.

आम्ही आठ जण. एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल. वाटाडी बाई सर्वांत पुढे. तिने हातातली काठी उंच केली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे आणि बोलणे बंद. पालखीच्या तळावर समाजआरतीला चोपदाराचा दंड वर गेला की हजारो टाळ एका क्षणी थांबतात, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच हे. 'दिंडीच आहे ही,' मी मनात म्हटले आणि खूश झालो.

निघताना तिने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आखलेली वाट सोडायची नाही. आवाज करायचा नाही. प्राणी दिसला तर जवळ जायचे नाही. कारणही सांगितले. हिवाळ्यात त्यांना खायला जवळजवळ काही नसते. उन्हाळ्यात अंगावर जे साठवले त्यावर वसंतापर्यंत काढायचे. म्हणून ती आपला जीवच मंद करून घेतात. तिथल्या तांबड्या हरणाच्या हृदयाचे ठोके हिवाळ्यात पुष्कळ कमी होतात. कडाक्याच्या रात्री ते आपले पाय आणि अंगाचा बाहेरचा भाग थंड पडू देते आणि आतली ऊब तेवढी राखते. माउली, आपण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास म्हणतो. त्या मुक्या जिवाचा उपवास महिनोन्‌महिन्यांचा, आणि तो मोडला तर पारणे नाही, मरण आहे.

दहाच्या सुमारास काठी वर गेली. समोरच्या दरीपलीकडे दक्षिणेकडे तोंड करून एक उभा कडा होता. तिथे बर्फ टिकत नाही, वाळके गवत उघडे पडते. तिकाटण्यावर दुर्बीण लावून बाईंनी आम्हाला पाळीपाळीने पाहायला दिले. आयबेक्स. रानबकऱ्याच्या कुळातला धिप्पाड प्राणी, मागे वळलेली, गाठागाठांची, हातभराहून लांब शिंगे. सकाळच्या उन्हात अंग शेकत निवांत बसले होते. आमची दखलही त्यांनी घेतली नाही.

बाईंनी त्यांची कथा सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. या प्रांताच्या निशाणावर हाच प्राणी. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो या देशातून नाहीसा झाला होता. का? द्वेषाने कुणी मारला नाही. लोकांची त्याच्यावर श्रद्धा होती. त्याची शिंगे, त्याचे रक्त, त्याच्या हृदयातले एक लहानसे हाड, सगळे औषधी, सगळे तारक मानले जाई. प्रत्येकाला त्याचा थोडा थोडा अंश हवा होता. साऱ्या आल्प्समध्ये शेवटी इटलीतल्या ग्रान पारादीसोच्या डोंगरात शंभराच्या आसपास उरले. १८५६ साली तिथल्या राजाने तो प्रदेश स्वतःच्या शिकारीसाठी राखला, पहारेकरी ठेवले, आणि त्या राखणीत ते तगले. १९०६ साली काही पिल्ले चोरवाटेने स्वित्झर्लंडमध्ये आणली गेली, वाढवली गेली, आणि १९११ साली त्यांच्या वंशातले पहिले प्राणी डोंगरात सोडले. आज त्या देशात पंधरा हजारांहून अधिक आहेत. शिकारी राजाने वाचवले, चोरांनी परत आणले आणि भाविकांनी संपवले होते. मी त्यावर हसलो. माझ्यावर काय वेळ येणार आहे हे ठाऊक नव्हते म्हणून हसलो.

परतीच्या वाटेवर मी शेवटी होतो. एका वळणावर झाडांच्या फटीतून तो कडा पुन्हा दिसला. वाटले, इथून एक फोटो घ्यावा, गावी भजनी मंडळाला दाखवू. मध्ये एक फांदी येत होती. वाटेपासून पंधरा-वीस पावले बाजूला गेलो की नीट दिसेल. कुणी बघत नव्हते. मी गेलो.

बर्फ अगदी कोरे, शुभ्र, कुणाचे पाऊल नसलेले. त्या कोरेपणाचाच मोह पडला, खोटे कशाला सांगू. शेवटचे पाऊल टाकले आणि माझ्यापुढे दोन हातांवर जमीन फुटली. बर्फाचा धुरळा उडाला आणि त्यातून एक काळाभोर पक्षी पंखांचा मोठा फडफडाट करीत वर आला, झाडांवरून घसरत दरीत गेला. मी मागे पडलो. छाती धडधडत होती. समोर बर्फात एक भोक होते, वीतभर रुंद, आणि आत अजून ऊब असावी असे वाटले.

बाई आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी ते बीळ दाखवले. ब्लॅक ग्राउज नावाचा तो पक्षी, आपल्या रानकोंबड्याच्या गोतातला. हिवाळ्यात तो भुसभुशीत बर्फात बीळ खणतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ त्यात निजून काढतो. बाहेर कितीही गोठवणारी थंडी असो, आत शून्याच्या आसपास राहते. सकाळ-संध्याकाळ बाहेर यायचे, झाडांच्या सुया आणि कळ्या खायच्या, पुन्हा आत. त्या खाण्यात कस थोडा. म्हणून निजून राहणे हेच त्याचे जगणे. तिथल्या संशोधकांनी या पक्ष्यांची विष्ठा तपासली, तेव्हा जिथे हिवाळी खेळांची वर्दळ अधिक तिथे ताणाची संप्रेरके अधिक आढळली.

मी विचारले, "मरेल का तो?" लेकीने भाषांतर केले. बाई म्हणाल्या, "एकदा उठवल्यानं बहुतेक नाही मरणार. दुसरीकडे बीळ खणेल. पण त्याला उठवणारे तुम्ही एकटेच नसता. प्रत्येकजण एकदाच उठवतो."

प्रत्येकजण एकदाच उठवतो. माउली, हे वाक्य मी अजून उतरवू शकलेलो नाही.

कारण हे वाक्य मला थेट पंढरपुरात घेऊन गेले. विठुरायाच्या पायांवर मी डोके ठेवतो ते किती वेळ? एक क्षण. त्या क्षणाने देवाचे काय झिजते? काहीच नाही. पण तुम्ही जाणता, स्पर्शाने मूर्तीची झीज होते म्हणून तिला वज्रलेप करावा लागला आहे. २०२४ साली मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते आणि लांबून मुखदर्शन चालू होते, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी हळहळ केली. मीही केली. 'पायाला हात लागला नाही तर दर्शन कसले?' असे मी म्हटल्याचे मला आठवते. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. साऱ्यांच्या मनात प्रेमच होते. प्रेमाने शिळा झिजते, तर बर्फात निजलेल्या पाखराचे काय?

तेव्हा प्रश्न असा: ज्याची ओढ लागली आहे त्याच्या जवळ जाण्याचा मला हक्क आहे का? की माझी ओढ खरी आहे, एवढ्यावरच मी तो हक्क गृहीत धरतो?

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग कीर्तनात आपण ऐकतो. तुकोबा येताच पाखरे भुर्रकन उडाली. तुकोबांना आनंद झाला नाही, वाईट वाटले. ज्याअर्थी ही मला भितात त्याअर्थी माझ्यात अजून काही वावगे आहे, असे त्यांनी मानले आणि ते तसेच उभे राहिले, पाखरे येऊन अंगावर बसेपर्यंत. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतो. मला आता तिच्यातला पहिला भागच मोठा वाटतो. पाखरू उडाले तर दोष पाखराचा नाही, माझ्या येण्याचा आहे, हे ओळखणे. दुसरा भाग माझ्या आवाक्यातला नाही. मी त्या बिळापाशी उभा राहिलो असतो तर ते पाखरू माझ्या खांद्यावर आले नसते, थंडीत बाहेर राहिले असते. तुकोबांनी उभे राहून जे साधले ते मला निघून जाऊनच साधायचे आहे.

आणि ज्ञानेश्वरी. तेराव्या अध्यायात माउली अहिंसा सांगतात तेव्हा ते अहिंसक माणसाच्या चालण्याचे वर्णन करतात. पायाखाली जीव आहे या शंकेने तो पाऊल कसे टाकतो, ते सांगतात. किती पारायणे केली मी त्या ओव्यांची! तोंडाला सगळे पाठ. पायांना मात्र ते कधी सांगितलेच नव्हते. आपण समजतो, अहिंसा म्हणजे मारण्याची इच्छा नसणे. इच्छा माझीही नव्हती. माझ्या मनात त्या रानाविषयी भक्तीच होती. पण पाऊल मनाला विचारून पडत नाही, ते वाटेवर पडते किंवा वाटेबाहेर पडते. हेतू निर्मळ असणे ही अर्धी अहिंसा. उरलेली अर्धी म्हणजे समोरच्याला त्याचे काय मोल पडते, याची चौकशी करणे.

मग जाऊच नये का? हा विचारही करून पाहिला. पण बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, ज्यांनी हे प्राणी पाहिले तेच त्यांच्यासाठी पुढे उभे राहतात. कुणी पाहिलेच नाही तर राखणार कोण? शिवाय नेहमीच्या एकाच वाटेने माणसे गेली तर प्राण्यांना त्याची सवय होते. कुठून कोण येईल याचा नेम नसतो, तेव्हाच ते बिथरतात. म्हणूनच त्या देशाच्या नकाशांवर वन्यजीवांची विश्रांतीक्षेत्रे दाखवलेली असतात. हिवाळ्यात तिथे वाट सोडून जायचे नाही, कुठे कायद्याने, कुठे विनंतीने. म्हणजे चालणे वाईट नाही, जाणे वाईट नाही. कड्यावरचे आयबेक्स मी दुर्बिणीतून पोटभर पाहिले आणि त्यांच्या झोपेला धक्का लागला नाही. ते दर्शन होते. पाखराजवळ मी दोन हातांवर पोहोचलो आणि दिसली ती फक्त त्याची पळणारी पाठ. जवळ जाऊन मी अधिक पाहिले नाही, कमीच पाहिले.

परत आल्यावर हे सगळे मी आमच्या दिंडीतल्या विणेकरीबुवांना सांगितले. म्हटले, "बुवा, पायावर डोकं ठेवायला मन धजत नाही आता. आपण देवाची झोप मोडतो." बुवा हसले. म्हणाले, "अरे, पाखराचा आणि पांडुरंगाचा एकच हिशोब करू नकोस. पाखरू तुझ्यामुळे उठलं. देव आपल्या मनानं उठतो. त्याला करमत नाही आपल्याशिवाय, म्हणून तो अठ्ठावीस युगं उभा आहे. आई तान्ह्यासाठी रात्री उठते, तिला 'तू उठू नकोस' म्हणशील का?"

मी म्हटले, "नाही म्हणणार. पण तिला झोप नसते असंही म्हणणार नाही."

बुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणून तर काढा देतात."

त्या एका वाक्याने माझी गाठ बरीच सुटली. देव आपणहून जागतो, ती त्याची कृपा. पण आपल्या पूर्वजांनी तीही फुकटची मानली नाही. देवाला शीण होतो, हे त्यांनी मानले. पाठीला लोड दिला, काढा दिला, पलंग परत आणला. जो सर्वसमर्थ, त्याच्याही झोपेची ज्यांनी काळजी केली, त्यांच्या पंथात मी वाढलो. आणि जो दुबळा, ज्याला 'उठवू नकोस' असे म्हणताही येत नाही, त्याची झोप मी फोटोसाठी मोडली.

हे फक्त डोंगरातल्या पाखरापुरते नाही, माउली. दवाखान्यात आजारी माणसाला भेटायला आपण दहाजण जातो. प्रत्येकजण पाचच मिनिटे बसतो. प्रत्येकजण प्रेमानेच जातो. तो बिचारा उशीला टेकून दहा वेळा हसतो आणि आपण गेल्यावर कण्हतो. मुक्कामाच्या गावी दिंडी रात्री उशिरा पोहोचते आणि कुणाची तरी सून पहाटे तीनला उठून आपल्यासाठी चूल पेटवते. ती आपल्या मनाने उठली की घरच्यांनी उठवले, हे आपण कधी विचारले आहे का? म्हाताऱ्या गुरुजींच्या पाया पडायला शंभर शिष्य रांग लावतात आणि गुरुजींचे गुडघे कुणाच्या ध्यानात नसतात. यातल्या कुणालाही सोडून द्या, असे मी म्हणत नाही. भेटायला जावे, पंगतीला बसावे, पायाही पडावे. फक्त जाण्यापूर्वी स्वतःला एक गोष्ट विचारावी: समोरचा आपणहून जागा आहे, की मी त्याला जागा केला? आपणहून असेल तर नम्रपणे घ्यावे आणि काढ्याची आठवण ठेवावी. नसेल तर कळसाला हात जोडून मागे फिरावे. कळसदर्शनाने दर्शन घडते, असे आपल्या बापजाद्यांनी मानले ते दमलेल्यांच्या समाधानासाठी, असे मी समजत होतो. आता वाटते, दूर राहण्यातही भेट असते, हे त्यांना ठाऊक होते.

यंदाच्या वारीत मी काय केले, असे तुम्ही विचाराल. नामदेव पायरीशी माथा टेकला, कळसाला हात जोडले, मुखदर्शन घेतले आणि बाहेर आलो. पायांवर डोके ठेवले नाही. हुरहूर लागली, ती लपवत नाही. पुढच्या वर्षी कदाचित पुन्हा त्या रांगेत उभा राहीन. देव बोलावतो तेव्हा आपले शहाणपण फार टिकत नाही. पण घरी परतल्यावर प्रक्षाळपूजेची बातमी आली, पलंग परत आला म्हणून कळले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बातमीने मला सुख झाले. त्या रात्री दिवा मालवताना देवाला म्हटले, 'आता नीज.' आणि त्याच श्वासात बर्फातल्या त्या काळ्या पाखरालाही म्हटले.

रामकृष्णहरी.